प्रश्न सोडवायचा की सोडायचा? कॅटची तयारी, शिफ्टची नोकरी आणि पाच महिने

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मेकॅनिकल इंजिनियर, मूळचा सांगलीकडचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, दहावीला ८४ टक्के, बारावीला ६१, डिग्रीला ६.८. चाकणला प्लांटमध्ये दोन वर्षं होत आली, शिफ्ट ड्युटी. जूनमध्ये कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या एमबीए कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेचा, पहिला मॉक (सराव पेपर) दिला आणि ६२ पर्सेंटाइल आले. आता विचारतोयस की जॉब सोडू का, क्लास लावू का, इंग्लिशचं काय करू, आणि पाच महिन्यांत ९९ होतात का.

सर वगैरे म्हणू नकोस, मी कुणी प्रोफेसर नाहीये. मी कॅट तीनदा दिली. २०१२ ला पहिल्यांदा, तेव्हा पेपर १४० मिनिटांचा आणि दोनच सेक्शन होते, ८८ आले. २०१३ ला ९४. मग एक वर्ष रुसून बसलो आणि २०१५ ला परत दिली तेव्हा ९९ च्या वर गेलो. एमबीए झालं, नोकरी लागली, आणि २०१८ पासून शनिवार-रविवार पोरांना क्वांट म्हणजे गणित, आणि डीआयएलआर म्हणजे तक्ते-आलेखांवरची आकडेमोड (डीआय) आणि तर्काची कोडी (एलआर) शिकवतोय. हे एवढ्यासाठी सांगितलं की ८८ पासून ९९ पर्यंत जाताना माझं गणित अजिबात सुधारलं नव्हतं, तेच डोकं, तीच सूत्रं, तेच चक्रवाढ व्याज. फरक एकच पडला, मी प्रश्न सोडून द्यायला शिकलो. आपल्या शाळेत प्रश्न "सोडवायला" शिकवतात, "सोडायला" कुणी शिकवत नाही, उलट सोडला तर मास्तर विचारायचे का सोडलास. कॅटमध्ये नेमकं तेच पाहिजे. खाली जे काही लिहितोय ते सगळं फिरून फिरून इथेच येणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी आकडे बघ, म्हणजे भीती थोडी कमी होईल. पेपर दोन तासांचा, तीन सेक्शन, प्रत्येकी ४० मिनिटं. आधी व्हीएआरसी म्हणजे इंग्लिश, मग डीआयएलआर, मग क्वांट. क्रम ठरलेला आणि एकातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. २०२४ ला एकूण ६८ प्रश्न होते, २४, २२ आणि २२ असे. बरोबरला ३, चुकलं तर वजा १, आणि जिथे उत्तर टाइप करायचं असतं, ज्याला सगळे टीआयटीए म्हणतात, तिथे निगेटिव्ह नाही. म्हणजे पूर्ण पेपर २०४ मार्कांचा. आणि ९९ पर्सेंटाइल यायला यातले अर्धेही मार्क लागले नाहीत त्या वर्षी! परत वाच हे वाक्य. साधारण ३४ बरोबर आणि ८ चूक असं धरलं तर १०२ वजा ८ म्हणजे ९४, तेवढ्यात गडी ९९ च्या आसपास पोचतो. ६८ पैकी ३४. उरलेल्यातले २६ त्याने हातही न लावता सोडले. बोर्डाच्या परीक्षेत ५० टक्के पाडले तर घरी तोंड लपवायची वेळ येते आणि इथे त्याच ५० टक्क्यांत पेढे वाटतात, त्यामुळे बोर्डाची सवय घेऊन बसलेला हुशार पोरगा इथे हमखास मार खातो, कारण त्याला कोरा प्रश्न बघवत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे तुला माहीत असेलच पण तरी सांगतो. २०२४ ला जवळपास २.९३ लाख पोरं पेपरला बसली होती. ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुझ्यापुढे साधारण २,९०० जण. ९५ म्हणजे पुढे साडेचौदा हजार. म्हणजे ९५ ते ९९ हा प्रवास कागदावर चार पॉइंटचा दिसतो पण पावणेबारा हजार लोकांना ओलांडायचं असतं, आणि ते ओलांडणं सहासात जास्तीचे प्रश्न बरोबर आणि थोड्या कमी चुका एवढ्यावर होतं. तुझे ६२ बघून घाबरू नकोस, कुठल्याही तयारीशिवाय जूनमध्ये दिलेला मॉक म्हणजे आजारी नसताना काढलेला एक्सरे, फक्त काय कुठे आहे ते कळतं. शिवाय मॉक देणारी गर्दी ही सिरियस पोरांची असते, खऱ्या पेपरला हौशे-नवशे-गवशे सगळे येतात.

जॉब सोडू का, तर नाही. सरळ नाही. एकतर तुझी प्रोफाइल इंजिनियर, मुलगा, बारावी ६१, अशी आहे, त्यात दोन वर्षांचा प्लांटचा अनुभव हीच तुझी एक जमेची बाजू आहे आणि तीच तू विकायला निघालास. इंटरव्ह्यूला बसलेला माणूस पहिलं विचारतो की मार्चपासून काय करताय, त्यावर कॅटची तयारी हे उत्तर कुणी दिलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच चष्मा काढून ठेवतो. दुसरं म्हणजे दिवसाला दहा तास मिळाले म्हणून कुणी दहा तास करत नाही. माझ्याकडे जॉब सोडून आलेली पोरं आणि जॉब करणारी पोरं दोन्ही येतात, आणि जॉब सोडलेली पोरं ऑक्टोबरमध्ये जास्त पॅनिक होतात कारण त्यांना परतीचा रस्ता नसतो. तुला दिवसाला दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी पाच तास मिळाले तरी पाच महिन्यांत चारशे तासांच्या आसपास जातात, पुरेसे आहेत.

शिफ्टचं काय करायचं ते मी स्वतः केलेलं नाही पण माझ्या दोन पोरांनी केलंय. नाइट शिफ्टच्या आठवड्यात नवीन काही शिकायचं नाही, फक्त वाचन आणि आधीच्या चुकांची वही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी झोप काढून संध्याकाळी क्वांट. सेकंडला सकाळी उठून डीआयएलआर, तेव्हा डोकं ताजं असतं. मॉक मात्र नाइटनंतर कधीच द्यायचा नाही, स्कोअर पडतो, मग तोंड पडतं, आणि दोन दिवस वाया जातात. आणि बसमधला वेळ धर ना, चाकणला जाताना ट्रॅफिकमध्ये जो काही तास जातो त्यात एक लेख आरामात वाचून होतो.

आता क्वांट. इथे तू इंजिनियर आहेस म्हणून तुला वाटेल की हे तर माझं, पण कॅटचं क्वांट बारावीचं नाहीये, ते आठवी-नववी-दहावीचं आहे, फक्त वाकडं करून विचारलेलं. इंटिग्रेशन वगैरे काही नाही. २२ पैकी साधारण १४ ते १६ प्रश्न अंकगणित आणि बीजगणितातून येतात गेली काही वर्षं. अंकगणित म्हणजे टक्केवारी, नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर-प्रमाण, मिश्रण, सरासरी, आणि आपलं लाडकं काळ-काम-वेग. बीजगणितात वर्गसमीकरणं, असमानता, मॉड्युलस, लॉग, फंक्शन, श्रेढी. भूमितीत त्रिकोण, वर्तुळ आणि थोडी निर्देशक भूमिती केलीस की झालं. परम्युटेशन-कॉम्बिनेशन आणि प्रोबॅबिलिटीवर लोक महिना महिना घालवतात आणि पेपरला प्रश्न येतो एखाद-दुसरा, तोही सोडायच्या लायकीचा. मी तर सांगतो ऑगस्टपर्यंत अंकगणित आणि बीजगणित सोडून काही उघडूच नकोस.

आणि अंकगणित शाळेच्या पद्धतीने करू नकोस. एक उदाहरण देतो. एक माणूस नेहमीच्या पाऊणपट वेगाने गेला तर २० मिनिटं उशिरा पोचतो, नेहमीचा वेळ किती? शाळेत आपण काय करायचो, वेग क्ष मानू, वेळ य मानू, अंतर सारखं म्हणून समीकरण मांडू, अर्धं पान. इथे काय करायचं, वेग ३/४ झाला म्हणजे वेळ ४/३ झाला, म्हणजे १/३ वेळ जास्त लागला, तो १/३ म्हणजे २० मिनिटं, म्हणजे नेहमीचा वेळ ६० मिनिटं. दहा सेकंद. पेन उचलायचं नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे, तेव्हा त्यांना साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश हे सांगावं लागत नव्हतं. आपल्याला सांगावं लागतं. एक अष्टमांश साडेबारा, एक सप्तमांश सव्वाचौदाच्या किंचित वर, एक षष्ठांश साडेसोळाच्या वर, एक नवमांश अकराच्या वर, हे १/१५ पर्यंत तोंडपाठ कर, आठ दिवस लागतील आणि टक्केवारी, नफा-तोटा, व्याज तिन्ही चॅप्टर अर्धे होतील. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो पण तो माउसने दाबायचा असतो, त्यात वेळच जास्त जातो. मी शेवटी शेवटी तो फक्त डीआयसाठी वापरायचो.

वेळ बघ, २२ प्रश्न ४० मिनिटांत म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. म्हणून मी दोन फेऱ्या करायला लावतो. पहिल्या फेरीत सगळे २२ प्रश्न डोळ्याखालून घालायचे, जो वाचताच रस्ता दिसतो तो तिथेच मारायचा, जो दिसतो पण लांब वाटतो त्याला मार्क करून ठेवायचं, आणि जो वाचून काहीच होत नाही तो विसरायचा, कायमचा. पहिली फेरी २२-२५ मिनिटांत संपली पाहिजे. कॅट बनवणारे सोपा प्रश्न मुद्दाम २० व्या नंबरवर ठेवतात असं म्हणत नाही मी, पण तो तिथे असतो हे खरं आणि तिथपर्यंत निम्मी पोरं पोचतच नाहीत. दुसऱ्या फेरीत मार्क केलेले. १० बरोबर, २ चूक, म्हणजे २८ मार्क, हे तुझं सप्टेंबरपर्यंतचं टार्गेट ठेव. यापुढचं नंतर बघू.

डीआयएलआर हा सेक्शन माझा जीव की प्राण आणि इथेच मी २०१३ ला मेलो होतो. तेव्हा एलआर व्हर्बलसोबत असायचं, ७० मिनिटांचा सेक्शन. एक सेट घेतला, म्हणजे एकाच माहितीवरचे काही प्रश्न, सहा मित्र आणि सहा शहरं असला काहीतरी, दहा मिनिटं झाली, अर्धा टेबल भरला, आता सोडायचा कसा, एवढी मेहनत घेतली ना, अजून पाच मिनिटं, अजून तीन, बघता बघता २२ मिनिटं गेली आणि मग कळलं की मी एक ओळच चुकीची वाचली होती. त्या २२ मिनिटांत दोन पॅसेज झाले असते. बैलगाडीच्या चाकाला हात लावला की सोडवत नाही तसं होतं ते. तेव्हापासून नियम केला, आठ मिनिटांत सेट उलगडायला लागला नाही तर उठायचं, कितीही टेबल भरलेला असो. हा नियम पेपरच्या दिवशी आठवत नसतो, तो मॉकमध्ये तीस वेळा पाळावा लागतो तेव्हा कुठे एकतिसाव्या वेळी हात आपोआप पुढच्या सेटवर जातो.

२०२३ ला चार सेट होते, २०२४ ला पाच. म्हणजे काहीही झालं तरी पहिली पाच मिनिटं सगळे सेट फक्त वाचण्यात घालवायची, एकही सोडवायचा नाही. लोकांना ही पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, शेजारचा टकटक टाइप करत असतो ना. पण दोन सेट पूर्ण बरोबर आले तर बहुतेक वर्षी या सेक्शनला ९० च्या वर आरामात जाता येतं, आणि ते दोन सेट कुठले हे निवडण्यात सगळा खेळ आहे. काय बघायचं निवडताना? मजकूर लांब असेल तर घाबरू नकोस, लांब सेटमध्ये माहिती जास्त असते म्हणजे शक्यता कमी उरतात. छोटा, चार ओळींचा, गोंडस दिसणारा सेट बहुतेक वेळा चावतो. प्रश्न आधी वाच. प्रश्नांमध्ये "जर अमुक असेल तर" असं प्रत्येक ठिकाणी असेल तर समज की सेट पूर्ण सुटत नाही, प्रत्येक प्रश्नाला वेगळी मांडणी करावी लागणार. असा सेट शेवटी.

आणि काही सेटमध्ये एक लपलेलं समीकरण असतं, ते शोधायची सवय लाव. समज सहा टीम आहेत, प्रत्येकीने दुसरीशी एकदा मॅच खेळली, जिंकल्याला २, बरोबरीला दोघांना १-१. तर मॅच १५ झाल्या आणि कोण जिंकलं कोण हरलं काहीही माहीत नसताना एकूण पॉइंट ३० होणार हे पक्कं आहे. प्रश्नात हे दिलेलं नसतं. पाच टीमचे पॉइंट दिलेले असतात आणि सहाव्याचे काढायला पोरं पंधरा मिनिटं जिंकण्या-हरण्याचा तक्ता करत बसतात. असल्या गोष्टी पुस्तकात चॅप्टर म्हणून नसतात, सेट करून करूनच कळतात. २०१७ पासूनचे खरे कॅट पेपर सगळीकडे मिळतात, तिन्ही-दोन्ही स्लॉटचे, म्हणजे एकाच दिवशी वेगवेगळ्या वेळांना झालेले. रोज दोन सेट, वेळ न लावता, सुटेपर्यंत. हो, घरी सरावाला सुटेपर्यंत सोडायचं नाही, मॉकमध्ये सोडायचं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरं नेमकी उलटी करतात, घरी दहा मिनिटांत सोल्युशनचा व्हिडिओ उघडतात आणि पेपरात एकाच सेटवर चिकटून बसतात.

आता इंग्लिश, तुझी मुख्य भीती. मी पण मराठी मीडियमचाच, माझं पहिल्या वर्षी व्हर्बलला ७१ आले होते म्हणून सांगतो, तुझं व्याकरण कच्चं असल्याने काही बिघडत नाही कारण आता थेट व्याकरण विचारतच नाहीत, शब्दार्थही विचारत नाहीत. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. बाकीच्या आठात वाक्यं क्रमाने लावणं, परिच्छेदाचा सारांश, वेगळं वाक्य शोधणं, गाळलेलं वाक्य कुठे बसेल, असलं. म्हणजे हा वाचनाचा पेपर आहे. आणि आपला प्रॉब्लेम असा की आपण इंग्लिश वाचताना मनात मराठी करत जातो, त्यामुळे स्पीड अर्धा होतो आणि वाक्य लांब असलं की सुरुवात विसरते. यावर एकच औषध, रोज वाचणं, तेही अवघड आणि कंटाळवाणं. पहिले तीन आठवडे काही कळत नाही. मग अचानक एक दिवस लक्षात येतं की आपण मराठी करायचं विसरलो.

काय वाचायचं यावर माझं मत जरा वेगळं आहे. सगळे पेपरचे अग्रलेख वाचायला सांगतात, ती यूपीएससीवाल्यांची सवय आहे. अग्रलेखात बातमी असते, कॅटच्या उताऱ्यात वाद असतो. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, इतिहास, पर्यावरण, कलासमीक्षा, अर्थशास्त्र असल्या विषयांवरचे निबंध असतात, लेखक एक मत मांडतो, मग दुसऱ्याचं खोडतो, मग स्वतःच्या मताला एक किंतु लावतो. एऑन या वेबसाइटवरचे निबंध किंवा गार्डियनचे लाँग रीड वाच, कॅटच्या उताऱ्यांचा पोत साधारण तसाच असतो. वाचून झालं की मोबाइल बाजूला ठेवून दोन ओळी लिही, लेखक काय म्हणतोय आणि कुणाशी भांडतोय. मराठीत लिही, हरकत नाही! खरंच सांगतो. मराठीत वैचारिक लेख वाचलेला माणूस आणि काहीच न वाचलेला पण फाडफाड इंग्लिश बोलणारा माणूस यांना एकाच उताऱ्यावर बसवलं तर मी पहिल्यावर पैसे लावीन, कारण मुद्दा कुठे वळला हे कळणं भाषेच्या आधी येतं. कॉन्व्हेंटच्या पोरांना व्हर्बलला ६० आलेले मी दर वर्षी बघतो.

उताऱ्याच्या प्रश्नात चारपैकी दोन पर्याय लगेच उडतात आणि दोनांत जीव अडकतो. तिथे बघ की कुठल्या पर्यायात जास्त बोललंय. "नेहमी", "फक्त", "सर्व", "कधीच नाही" असले शब्द असले की संशय घे. आणि तुझं स्वतःचं ज्ञान दाराबाहेर ठेव, उताऱ्यात आहे तेवढंच खरं. चारपैकी एखादा उतारा असा असतो की पहिल्या परिच्छेदातच डोकं गरगरतं, तो सोडला तरी चालतो, उरलेले तीन नीट केलेले चार घाईने केलेल्यापेक्षा बरे. परत तेच, सोडणं.

निगेटिव्हबद्दल सगळे घाबरतात म्हणून हिशेब सांगतो. चार पर्याय, डोळे मिटून ठोकलं तर चारांत एकदा बरोबर, ३ मिळाले, तीनदा चूक, ३ गेले, शून्य. म्हणजे आंधळा तुक्का सरासरीने काही देत नाही आणि काही घेतही नाही, फक्त तुझं नशीब हलवतो. पण एक पर्याय खात्रीने उडवलास तर तिनांत एकदा बरोबर, ३ मिळवले, २ गमावले, फायदा. दोन उडवलेस तर दोन वेळा मिळून २ चा फायदा. म्हणजे दोन पर्याय उडल्यावर सोडून देणं हा भित्रेपणा आहे आणि काहीच न उडता ठोकणं हा टाइमपास. टीआयटीएला निगेटिव्ह नाही म्हणून रिकामं ठेवायचं नाही. वाक्यं क्रमाने लावायच्या प्रश्नात चार वाक्यांच्या २४ मांडण्या होतात, त्यातही पहिलं वाक्य कळलं की सहाच उरतात, फुकट आहे, टाक काहीतरी.

क्लास लावू का, यावर माझं उत्तर तुला आवडणार नाही कारण मी स्वतः शिकवतो. क्वांटचा पाया तुझा बरा आहे, व्हिडिओ फुकट मिळतात, पुस्तकं मिळतात. विकत घ्यायची गोष्ट एकच, मॉकची सिरीज. एक चांगली घे, फार तर दोन. मी पहिल्या वर्षी एका क्लासला फी भरून दीड फूट उंचीचं मटेरियल आणलं होतं, त्यातलं अर्धं दिवाळीला रद्दीत गेलं तेव्हा प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. क्लासचा खरा उपयोग एकच होतो, चार पोरं सोबत असतात आणि शिस्त राहते. तुला शिफ्टमुळे बॅचला जाता येणार नाही, लेक्चर बुडणार, बॅकलॉग साठणार, बॅकलॉगचं टेन्शन येणार. त्यापेक्षा प्लांटमध्ये अजून एकजण कॅट देणारा शोध, असतोच कुणीतरी.

मॉक. जुलैत महिन्याला दोन, ऑगस्ट-सप्टेंबरला आठवड्याला एक, ऑक्टोबरपासून आठवड्याला दोन, असे एकूण २५ च्या आसपास होतात, पुष्कळ झाले. पन्नास पन्नास मॉक देणारे असतात, त्यांचा स्कोअर पहिल्या दहानंतर हलत नाही कारण दिलेला मॉक उघडूनच बघत नाहीत. दोन तासांचा मॉक, त्यावर किमान तीन तास. आधी सोल्युशन न बघता सगळा पेपर परत सोडव, वेळ न लावता. मग प्रत्येक प्रश्नाचं गाठोडं कर. येत होतं आणि बरोबर आलं, ते सोड. येत होतं पण चुकलं, तिथे बघ की काय झालं, वाचण्यात चूक, आकडेमोडीत चूक, की घाई. येत नव्हतं तरी हात घातला, हे पाप, वहीत लाल पेनने. आणि सगळ्यात महत्त्वाचं गाठोडं म्हणजे येत होतं पण बघितलंच नाही, कारण वेळ दुसरीकडे गेला. माझ्या अनुभवात ८० आणि ९५ मधला फरक जवळजवळ पूर्ण या शेवटच्या गाठोड्यात असतो. चॅप्टर वाढवून तो भरून निघत नाही. माझ्याकडच्या एका मुलीने ही वही इतकी नेटाने ठेवली की ऑक्टोबरमध्ये तिला कळलं की तिचे क्वांटचे चूक झालेले प्रश्न बहुतेक शेवटच्या आठ मिनिटांतले आहेत. तिने काय केलं, शेवटची आठ मिनिटं नवीन प्रश्न घेणंच बंद केलं, फक्त आधीचे तपासायचे. स्कोअर वाढला. कुठल्या सरांनी सांगितलं असतं तिला हे?

प्रोफाइलबद्दल खरं बोलतो. बारावीचे ६१ तुला काही जुन्या आयआयएममध्ये नडतील, तिथे शॉर्टलिस्टला दहावी, बारावी, डिग्री सगळं धरतात आणि प्रत्येकाचं सूत्र वेगळं असतं, वेबसाइटवर टाकतात, ते ऑगस्टमध्ये फॉर्म भरताना एकदा नीट वाच आणि मग त्यावर परत रडायचं नाही. बारावी आता बदलणार नाही. आयआयएम मुंबई, म्हणजे पूर्वीचं निटी, तुझ्यासारख्या प्लांटवाल्याला ऑपरेशन्ससाठी बघण्यासारखं आहे, आयआयटी मुंबईचं मॅनेजमेंट स्कूल आहे, आयआयएम नागपूर आहे, एफएमएस दिल्ली आहे. एकाच नावावर अडकू नकोस.

आणि सीईटीला, म्हणजे महाराष्ट्राच्या एमबीए प्रवेशपरीक्षेला, हलकं धरू नकोस, आपल्याकडे पोरं कॅट बिघडली की नाक मुरडत सीईटी देतात आणि तिथेही आपटतात, कारण तो पूर्ण उलटा खेळ आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह नाही, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात ७५ लॉजिकल, २५ आकृत्यांचे, ५० क्वांट, ५० व्हर्बल. तिथे सोडायचं नाही, सगळे २०० भरायचे, फक्त स्पीड. बजाज, सिडनहॅम, पुम्बा या मुंबई-पुण्याच्या एमबीए कॉलेजांसाठी जीव तोडून देतात लोक, आणि बजाजचा कटऑफ बघितलास तर कॅट बरी वाटेल. कॅट झाल्यावर आठ दिवस झोप काढ आणि डिसेंबरपासून सीईटीचा स्पीड चालू कर, पाया तोच आहे. मध्ये जानेवारीच्या पहिल्या रविवारी झॅट असते, जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या मॅनेजमेंट कॉलेजची परीक्षा, त्यात डिसिजन मेकिंगचा वेगळा सेक्शन असतो, इंटरेस्ट असेल तर दे.

शेवटचा महिना. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, तीन स्लॉट, सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि साडेचार. प्रवेशपत्रावर तुझा स्लॉट कळला की त्यानंतरचे सगळे मॉक त्याच वेळेला द्यायचे. तुला सकाळचा आला तर तुझी पंचाईत आहे, म्हणून आत्ताच सुपरवायझरशी बोलून नोव्हेंबरचे शेवटचे दोन आठवडे नाइट बदलून घे, कारण सांगायची गरज नाही, घरचं काम म्हण. तुझा स्लॉट अवघड गेला म्हणून बाहेर येऊन रडणाऱ्यांचं ऐकू नकोस, तिन्ही स्लॉटचे मार्क स्केल करतात म्हणजे एका मापावर आणतात, तुला अवघड तर त्या स्लॉटमध्ये सगळ्यांनाच अवघड.

पाच महिन्यांत ९९ होतात का, तर होतात, पण मी तुला टार्गेट ९९ देणार नाही. ऑगस्टअखेर मॉकमध्ये ८०, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ९०, मग बघू. येत्या रविवारी २०२३ चा कुठल्याही स्लॉटचा पेपर टायमर लावून दे, दोन तास, मध्ये उठायचं नाही. मग मला स्कोअर सांगू नकोस. किती प्रश्न सोडले, आणि सोडलेल्यांपैकी घरी आल्यावर किती दोन मिनिटांत सुटले, हे दोन आकडे सांग.